साडेतीन भाकरींची दीड

साखरेची गोळी सुरू झाली त्या दिवशी मी वहीत दोन रकाने आखले: गोळी आणि भाकरी. पहिल्या दिवशी साडेतीन भाकरी, दहाव्या दिवशी दीड. अकोल्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ही गोळी यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, शरीराला स्वतःचं इन्शुलिन नीट वापरायला लावते. काहींची भूक मंदावते, तोंडाची चव बिघडते. मला, आणि भूक नाही! पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. रोज वही उघडली की हसूच यायचं.

अकोटच्या नणंदेनं शेतात रोडग्यांचं, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांचं, जेवण ठेवलं आणि ते हसू पळालं. मागच्या दिवाळीत मी तिची वांग्याची भाजी तेलकट म्हणाले होते, तेव्हापासून अबोला. कापसानं सलग दोन वर्षं दगा दिलेला, तरी तिनं आमच्यासाठी तुपाचा डबा काढला होता. तीन रोडगे खाल्ल्याशिवाय हे भांडण मिटणार नव्हतं. मी नियोजन केलं: सकाळचा नाश्ता बंद.

गोवऱ्यांच्या आरातून काढलेला रोडगा तिनं माझ्या ताटात फोडला, वर तूप ओतलं, शेजारी वांग्याची भाजी वाढली. अर्ध्यातच माझं पोट भरलं.

"काहून वो वहिनी? आजबी तेल जास्त झालं का?" ती सगळ्यांदेखत म्हणाली.

आता थापा मारून उपयोग नव्हता. पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली. साडेतीन, तीन, अडीच... वाचता वाचता तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"उठा, तुमाले गंमत दाखवतो."

विहिरीमागच्या गव्हाणीत दोन अख्खे रोडगे पडले होते.

"तीन महिन्यांपासून मीबी हेच गोळी खाऊन राहिली. घरी जेवण कमी केलं का सारे मागं लागतात, म्हनून माह्या वाटचं बैल खाऊन राहिला. पाहा ना, कसा गुटगुटीत झाला!"

आम्ही धुऱ्याच्या बांधावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मग मी वहीत तिच्यासाठी दोन रकाने आखले आणि गोळीनं भूक मंदावल्याचं आजच घरी सांगायचं, असं कबूल करून घेतलं. परत येऊन एका ताटात एक रोडगा, निम्मा निम्मा.

"आता इमानदारीत सांगा, भाजी कशी झाली?"

"चवच कळत नाही गं मला."

"मलेबी नाई! म्हनून तं मीठ दोनदा टाकलं."

बाकीच्यांकडे पाहिलं. बिचारे मुकाट्यानं पाण्याचा दुसरा माठ संपवत होते.