दाभणाने ओवलेली गल्ली

सोलापुरात घरपट्टी नव्याने आकारायची ठरली तेव्हा मी त्या खात्यात कारकून होतो. सत्तरीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. कामासाठी दोन ठेकेदार पुढे आले. एक गावातलाच, मोजणीची टेप आणि माणसं घेऊन फिरणारा. दुसरा पुण्याचा, तो म्हणे अख्खं शहर कॉम्प्युटरला खाऊ घालणार होता. कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यावर मतं मात्र सगळ्यांना होती. समितीने पुणेकराला सांगितलं, आधी एक गल्ली करून दाखवा. गल्ली निघाली आमचीच, आणि टेप धरायला मी.

आमची गल्ली विणकरांची. पुढच्या खोलीत हातमाग, मागे चूल, घरात तेलुगू, बाहेर मराठी. पुणेकराने सरळ सांगितलं, एका घराला कॉम्प्युटरचं एक कार्ड, आणि माग दिसला की कारखाना. कारखान्याची पट्टी आम्हाला झेपणारी नव्हती. माग विकायचा, एवढं वडिलांच्या मनाने घेतलं. चादरीच्या उभ्या दोऱ्यांचा नवा ताणा त्यांनी गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिला. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि त्याची कार्डं बघायचा मोहही आवरत नव्हता. लॉजवर बसून एका छोट्या यंत्राने तो त्यांना भोकं पाडायचा; कॉम्प्युटर म्हणे ती भोकंच वाचतो. त्या भोकांत आमच्या घराची लांबी-रुंदी कशी मावते, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

एका दुपारी मी त्याला जेवायला घरी नेलं. राग असला तरी पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं? भाकरी-शेंगाचटणी खाऊन आम्ही कचेरीत परतलो. त्याने सोबत आणलेला कार्डांचा खोका मागापाशीच राहिला.

संध्याकाळी खोका न्यायला दोघं येऊन बघतो तर आईने सगळी कार्डं ओवून ठेवलेली. चादरीवर नक्षी उठवणारं जेकार्ड मागाच्या वर बसवतात. त्यालाही असेच भोकांचे पुठ्ठे लागतात, एकामागे एक माळेसारखे बांधलेले. ते ओवायचं काम आमच्याकडच्या बायका घरी घेत. खोका दिसला, भोकं दिसली, कुणीतरी काम टाकून गेलं असणार, असं समजून आईने दाभण घेतलं. कार्डांच्या कडांना नवी भोकं पाडून तिने अख्खी गल्ली दोऱ्यात बांधून टाकली होती.

सगळी कार्डं वाया गेली होती. पुणेकर मात्र माळ हातात घेऊन खाली बसला. वडील उठले आणि मागावर उरलेल्या जुन्या ताण्यावर त्यांनी पायाखालची पावडी दाबली. वरचा पुठ्ठा सरकला, नेमके हवे तेवढेच दोरे वर आले. त्याने पुन्हा दाबायला सांगितलं, मग आणखी एकदा. एवढ्या शिकलेल्या माणसाचं तोंड उघडं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि ज्या जेकार्डाखाली लहानाचा मोठा झालो, तेही मी खरं तर तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

तोवर धाकट्या भावंडांची अंथरुणं मागाला खेटून पडली होती. इथंच झोपता का, असं पुणेकराने विचारलं.

"मग कुटं?" आई म्हणाली. "माग चालतुया तवर कारखाना. थांबला की घर."

गल्ली पुन्हा करावीच लागणार होती. या खेपेला त्याने प्रत्येक घराला दोन कार्डं केली. माग उभा असेल तेवढ्याच जागेला कारखान्याची पट्टी, बाकीच्याला घराची; एवढी आम्हाला झेपणार होती. त्यासाठी पुण्याला जाऊन त्याला प्रोग्राम नव्याने लिहावा लागला.

समितीपुढे त्याने आधी आईची माळ टांगली. सभासदांत विणकर बरेच होते. ते उठून जवळ गेले, एकेका कार्डावरून बोटं फिरवू लागले. कॉम्प्युटर म्हणजे काय, हे सांगायची वेळच आली नाही. काम त्यालाच मिळालं.

त्या संध्याकाळी कॉम्प्युटरने छापलेला लांबरुंद कागद घेऊन तो आमच्या घरी आला. सगळं इंग्रजीत. आईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी तिने हात पुसून तो कागद धरला. त्याने एका ओळीवर बोट ठेवून सांगितलं, हे तुमचं राहतं घर.

"आन् माग?"

"तो वरच्या ओळीत."

"मग राहू द्या की दोनी," आई म्हणाली.

वडील उठले, कोपऱ्यातला ताणा त्यांनी उचलला आणि मला म्हणाले, "धर दुसरं टोक."