सळोईची परात

माझ्या आयुष्यातला पहिला जबर मार मी अंड्यापायी खाल्ला. आमचं घर माळकरी. घरात अंड्याचं नाव निघालं तरी माय चूळ भरायची. शाळेतला माझा एक दोस्त मुसलमान होता. पुढे तो वणीला ऑइल इंजिनांचा मिस्त्री झाला, म्हणून इथेही त्याला मिस्त्रीच म्हणतो. त्याच्या अम्मीनं एकदा रोटीत गुंडाळून मला अंडं दिलं. मी ते तिथेच उभ्यानं खाल्लं, तोंड धुतलं, वर सुपारीचं खांड चघळलं आणि मोठ्या साळसूदपणे घरी आलो. सगळी खबरदारी घेतली होती. फक्त गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर पिवळा बलक ओघळला होता, तेवढा दिसला नाही.

बापाला दिसला. त्यानं माझ्या गळ्यातून माळ काढली, विहिरीवर नेऊन धुतली, डोळ्यांना लावली, पुन्हा माझ्या गळ्यात घातली. आधी माळ धुतली, मग मला. बैलाच्या कासऱ्यानं. पाठीवर उठलेले वळ पाहून मिस्त्रीची अम्मी रडली आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला दोन अंडी दिली.

त्या दिवसापासून एक खोड लागली. समोर काही भलतंसलतं आलं की माझे दोन्ही हात आधी गळ्याशी जायचे आणि माळ सदऱ्याच्या आत कोंबायचे. ही खोड ध्यानात ठेवा. पुढे तिनं माणसं मारायची वेळ आणली होती.

नवा महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी मारेगावच्या एका जिनिंगवर काटेवाला होतो. कापसाच्या गाड्या यायच्या, मी वजन करायचो आणि मध्येच फुशारक्या मारायचो. बाप लांब गावी, त्यामुळे माझी जीभ मोकाट सुटलेली. गोंडाच्या घरचा उंदीर खाल्ला, कोलामाच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, मोहाची पहिल्या धारेची प्यालो, असं मी कोणालाही सांगत सुटायचो. उंदीर मी खाल्ला नव्हता. मोहाची प्यालो होतो, पण तिथून सायकल हातात धरून परतलो होतो, कारण सायकलीवर बसलं की रस्ता उठून उभा राहायचा.

या फुशारक्या जवळच्या बंजारा तांड्याच्या नायकानं ऐकल्या होत्या. एक दिवस तो कापसाची गाडी रिकामी करून माझ्यापाशी आला.

"काटेवाले, तू सगळं खातं म्हणे?"

"सगळं, नायक."

"रक्ताले भेत नाही ना?"

"रक्त म्हणजे काय? पाणीच ते. लाल."

"मंग ये बुधवारी. नसाब हाये. परात धरायले माणूस पाहिजे."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. भानगड काय होती ती मला आधीच ठाऊक होती, साऱ्या बाजाराला ठाऊक होती. तांड्यावरच्या दोघा सख्ख्या भावांनी मिळून रानडुक्कर मारलं होतं. ज्याच्या कुत्र्यानं आधी धरलं त्याला मुंडकं, असा तिथला वाटा. दोघांचीही कुत्री एकदमच डुकराला लटकली होती. वाटणी करता करता थोरल्यानं धाकट्याचे पुढचे दोन दात पाडले. धाकट्याच्या हातात डुक्कर फोडायची कुऱ्हाड होती. ती थोरल्याच्या उजव्या हातावर बसली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथेच, डुकराच्या मांसात पडलं. बोटं उचलायला त्यांची म्हातारी वाकली, तर कुत्र्यानं आधी तोंड घातलं.

थोरला म्हणत होता, ठाण्यात जाईन, तुले जेलात सडवीन. नसाबीनं ठरवलं होतं की बुधवारी सूर्य मावळायच्या आत दोघांनी एका ताटात सळोई खायची आणि एका वाटीतून दारू प्यायची. खाल्ली, तर भांडण तांड्यातच मिटलं. नाही खाल्ली, तर सकाळी थोरला ठाण्याची वाट धरायला मोकळा. धाकट्याची बायको पोटुशी होती. बुधवारी मी पोचलो तेव्हा ती नायकाच्या अंगणाच्या कोपऱ्यात बसून तोंडात पदर कोंबून सगळं पाहत होती.

सळोई म्हणजे बोकडाच्या रक्ताची भाजी. रक्त परातीत धरायचं, त्यात मीठ-पाणी घालून थिजू द्यायचं, मग कलेजी, आतडी, लसूण आणि लाल मिरची घालून शिजवायचं. अशा तहाच्या सळोईची परात दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याच माणसानं धरायची नाही. एकानं धरली तर दुसरा म्हणणार, यानं काही टाकलं. म्हणून बाहेरचा माणूस हवा, आणि तो म्हणजे मी.

दारू आणायचं कामही मीच अंगावर घेतलं होतं. तेव्हा दारूबंदी होती, म्हणून मोठी अक्कल चालवून मी पोडावरची मोहाची घासलेटच्या डब्यातून आणली. डबा चांगला धुतला होता, असं माझं मत होतं. नायकानं पहिले थेंब जमिनीवर सांडून पितरांना दिले, मग एक घोट घेतला आणि डब्याचं तोंड हुंगलं.

"काटेवाले, हे प्यायचं हाये का कंदिलात टाकायचं?"

सारे हसले. धाकटाही हसला. त्याच्या तोंडातलं खिंडार पाहून थोरल्याच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढ्यावरून वाटलं, मिटतंय.

मिस्त्रीही आला होता. तांड्याचं विहिरीवरचं इंजिन त्यानंच उभं केलं होतं, दोघा भावांशी त्याची ऊठबस होती. तो तांड्याचं कापलेलं खात नसे, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्यासाठी दुसरा बोकड वेगळा बांधला होता, वेगळं पातेलं घासून ठेवलं होतं. तो बोकड तोच कापणार, त्याच्या रीतीनं. त्यात कोणाला काही खटकत नव्हतं.

पहिला बोकड अंगणातल्या देवीपुढे आणला. मी गुडघे टेकून परात धरून बसलो. मोहाची अर्धी वाटी पोटात होती, त्यामुळे धीर भरपूर होता. नायकाच्या पुतण्यानं कोयता उचलला आणि एकाच घावात मान उतरवली. मुंडकं माझ्या पायापाशी पडलं, डोळे उघडेच. धड दोघांनी परातीवर धरलं होतं, पण ते झटके देत होतं. आणि मग ती धार आली. पाणी? कसलं पाणी! गरम, जाड, वास मारणारी. परातीवर आपटली आणि उडाली ती सरळ माझ्या गळ्यावर.

माझे दोन्ही हात गळ्याशी गेले. माळ आत कोंबली.

परात कोणी धरायची?

परात उपडी झाली तेव्हा ठणकन आवाज झाला. सगळं रक्त अंगणाच्या मातीत. माती ते पीत होती, बुडबुडे येत होते. कोणीतरी ओरडलं, "मातीले चटक लागली! आता माणसाचं मागते!"

थोरला उभा राहिला. "पाह्यलं? देवीलेच नको हाये! यानंच फितवलं त्या कोराले!" कोर म्हणजे तांड्याबाहेरचा माणूस. म्हणजे मी.

"मी कायले फितवू बे?" धाकटा किंचाळला. "तूच पाजली त्याले!"

आणि पेटलं. थोरल्यानं चुलीतलं जळतं लाकूड डाव्या हातानं उपसलं आणि धाकट्याच्या खांद्यावर हाणलं. ठिणग्या उडाल्या, मांस जळाल्याचा वास आला. धाकट्यानं काठी त्याच्या फडक्यात बांधलेल्या उजव्या हातावरच मारली. थोरल्याचा आवाज माणसाचा राहिला नाही. फडकं लाल झालं. दोन्हीकडचे मेहुणे, साळे काठ्या घेऊन धावले. मिस्त्री मध्ये पडला, "अरे भाई हो, भाई हो," म्हणता म्हणता त्याच्या कानावर काठी बसली आणि कानाची पाळी लोंबायला लागली. माझ्या नडगीवर कोणाची बसली ते आजही सांगता येणार नाही. मी शूरपणे बकऱ्यांच्या गोठ्यात शिरलो. आतल्या शेळीनंही मला ढुशी मारली.

तिथून मला ओढून काढलं ते म्हातारीनं, भावांच्या आईनं. तिच्या हातात सळोई ढवळायचा लाकडी डाव होता. तो तिनं माझ्या पाठीत घातला, नेमका कासऱ्याच्या जुन्या जागी. दुसरा घातला. मग माझ्या सदऱ्याच्या गळ्यात हात घालून माळ बाहेर ओढली.

"माळ हाये तुह्या गळ्यात?"

"आहे, माय."

"मंग आलता कायले मराले?"

तिनं मला सोडलं, दुसऱ्या बोकडाचा कान धरला आणि फरफटत तो मिस्त्रीपुढे आणून उभा केला.

"काप."

मिस्त्री एका हातानं कान दाबून बसला होता. "काकी, हा तर माझ्यासाठी होता."

"मास तुह्यं. रक्त मले दे. तुमी तं फेकूनच देता."

"पण मी अल्लाचं नाव घेऊन कापीन. माझ्या हातचं चालते का तुमच्या नसाबीले?"

म्हातारी वळली. तिचा आवाज फाटका होता, पण साऱ्या काठ्यांच्या वर गेला. "नायक! मले नाव नको सांगू, गोत नको सांगू. दिस बुडून राह्यला. मले दोन पोरं पाहिजेत. एक जेलात अन् एक थोटा, असे नको. चालते का नाही, बोल!"

नायकानं मातीवरच्या डागाकडे पाहिलं, मग सूर्याकडे. "चालते," तो म्हणाला. "पण परात कोण धरीन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांनी एकदमच नजर फिरवली.

"हेच धरतीन," म्हातारी म्हणाली. तिनं थोरल्याच्या मानेवर डाव हाणला, धाकट्याच्या कानशिलात दिली आणि दोघांना समोरासमोर गुडघ्यावर बसवलं. मध्ये परात. "ज्यानं सोडली त्यानं फितवलं. समद्यायले दिसन."

मिस्त्रीनं हात धुतले, बोकडाचं तोंड वळवलं, नाव घेतलं आणि सुरी फिरवली. धार आली. थोरल्याचा हात तीन बोटांचा, फडक्यातून ठिबकत होता. तेही थेंब परातीत पडत होते. धाकट्याच्या खांद्यावर फोड टरारले होते. बोकड तडफडत होता, परात हिसके खात होती आणि दोघंही एकमेकांना दातओठ खात शिव्या देत होते. पण सोडली कोणीच नाही.

सळोई शिजली तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकला होता. एक ताट, दोन भाऊ. ज्वारीची भाकर थोरल्याला तीन बोटांनी मोडेना. त्यानं दोनदा मोडून पाहिली. ती घसरली. धाकट्यानं एक घाण शिवी हासडली, भाकर त्याच्या हातातून हिसकली, मोडली आणि त्याच्यापुढे फेकली. थोरल्यानं डाव्या हातानं त्याला फाडकन थोबाडीत मारली आणि तो तुकडा उचलून सळोईत बुडवला. कोपऱ्यातल्या बायकोनं तोंडातला पदर काढला.

पलीकडे मिस्त्री कानाला चिंधी बांधून आपल्या पातेल्यातलं मटण खात होता. मी बाजूला सरकत सरकत सळोईच्या हंड्यापाशी गेलो. एवढा मार खाल्ल्यावर निदान चव तरी पाहावी! हात पुढे केला तर त्यावर डाव बसला.

"तू नाही," म्हातारी म्हणाली. "माळ हाये तुह्या गळ्यात. तुह्या बापाले काय सांगू मी?"

तिनं चूल सारवली, तवा घासून घेतला आणि माझ्यासाठी निराळी भाकर थापली. त्यावर मिरचीचा ठेचा. तिच्या देवीपुढे दोन बोकड पडले होते, साऱ्या तांड्याच्या हातांना रक्त होतं, आणि माझ्या ताटाला त्यातला एक थेंब लागू नये म्हणून ती डाव घेऊन पहाऱ्याला बसली होती. नियम मोडून खाण्याची मी जन्मभर बढाई मारली. तो मोडू दिला नाही तो एकट्या तिनंच.

नायकानं विचारलं, "काय रे थोरल्या, सकाळी जातं का ठाण्यात?"

थोरल्याचं तोंड भरलेलं होतं. धाकट्यानं ताटातली कलेजी उचलली होती आणि थोरला तिच्याकडे लक्ष ठेवून होता.

"जेवू दे ना बे," तो म्हणाला, आणि धाकट्याच्या हातावर झडप घातली.