पोळ्याच्या दिवशीची पोस्ट

पोळ्याच्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या ट्रॅक्टर शोरूमच्या पेजवर मी पोस्ट टाकली: 'बैलाला कायमची सुट्टी द्या, ट्रॅक्टर घरी आणा.' सोबत फोटोत एक बैल, गळ्यात पाटी: 'निवृत्त'.

टाकली म्हणजे त्या घटकेला टाकली नाही, तेव्हा मी घोरत होतो. महिन्याभराच्या तीस पोस्ट मी एकाच दुपारी लावून ठेवल्या होत्या, ज्या त्या दिवशी आपोआप पडतील अशा. रोज घाईत टाकल्या की चुका होतात ना! आणि चुका टाळण्यात माझा हात धरणारा आदिलाबादेत कोणी नव्हता. खुर्चीमागे मीच यादी चिकटवली होती: फोन नंबर तपासा, फोटो सरळ आहे का बघा, दोनदा वाचा. तीसही पोस्ट दोनदा वाचल्या. कॅलेंडर तेवढं उघडलं नाही. ते यादीत नव्हतं.

आठ वाजता उठून फोन बघितला, तर पोस्टखाली शिव्यांचा पोळा भरलेला. शहाण्या माणसानं आधी पोस्ट काढली असती. मी आधी शोरूमची अब्रू वाचवायला निघालो. एक साधासुधा गिऱ्हाईक बनून, स्वतःच्या अकाउंटवरून म्हणून लिहिलं: 'लय चांगलं शोरूम आहे. मालक देवमाणूस. मी इथूनच ट्रॅक्टर घेतला.' लिहिलं आणि चहा घेतला. दोन मिनिटांत खाली उत्तर आलं: 'शोरूमनं शोरूमातूनच टॅक्टर घेतला का भाऊ?'

अकाउंट बदलायचं राहिलं होतं. माझी कमेंट शोरूमच्या नावानं, शोरूमच्याच लोगोसकट झळकत होती. आता दोन्ही काढल्या, पण तोवर लोकांनी फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर पोचवले होते. शोरूमची इतकी जाहिरात मी वर्षभरात केली नव्हती.

मग मालकांचा फोन. आमचे मालक तेलुगू. माझ्याशी मराठीत बोलतात, रागावले की हिंदीत. त्या दिवशी पहिला शब्दच हिंदी निघाला. तामसीकडच्या एका काकांचं बुकिंग होतं, चार दिवसांनी ट्रॅक्टर न्यायचा होता. त्या गावातला आमचा पहिलाच ट्रॅक्टर. तो गेला की मागोमाग आणखी चार घरं तयार. काकांनी सकाळीच कळवलं होतं, टॅक्टर नको. मालक म्हणाले, "बुकिंग वापस लाओ, नहीं तो तुम भी वापस मत आओ."

पुरणाचा वास सोडून मी तामसीची बस धरली. वाटेत माफीचं भाषण तयार केलं, दोनदा म्हणूनही बघितलं. सवयच ती.

काकांच्या अंगणात दोन बैल उभे होते. धुतलेले, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. मी नाव सांगितलं, शोरूमचं सांगितलं, आणि भाषण सुरू करणार तोच काका म्हणाले, "ते पोस्टवाले तुमीच का?"

"हो काका. चुकून..."

"काल संध्याकाळी आमी याईचे खांदे शेकले. लोणी-हळद लावली. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं. अन् आज जेवाच्या टायमाले तुमी त्याईले घराबाहेर काढून राह्यले! काऊन?"

हेच आवतन माझा बापही आमच्या बैलांना द्यायचा, आणि बाजूला उभा राहून हळदीची वाटी मी धरायचो. हे मी काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आणखीच मार पडला असता.

काकू पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. काकांनी ते माझ्या हातात दिलं. "मले माफी नको. त्याईले द्या."

मी वाकून ताट धरलं. बैलानं पोळी खाल्ली, माझी बाही चाटली आणि पुढची पोळी शोधू लागला. त्याच्या मनात काही नव्हतं; पेज त्यानं बघितलं नसावं. दुसऱ्यानं मात्र शिंग असं हलवलं की मी ताटासकट दोन पावलं मागं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या, आणि काकांच्या मिशाही थोड्या हलल्या. हीच वेळ साधावी म्हणून मी हळूच विचारलं, "मग काका, ट्रॅक्टरचं काय सांगू मालकांना?"

काकांनी रिकामं ताट माझ्या हातातून घेतलं.

"टॅक्टर घेतो म्हणा. बैलं बी राहतीन. फक्त तुमाले काऊन ठेवलं, ते तेवढं मालकाले इचारून सांगा."