शेवटच्या रांगेतले गिरिधरराव

गिरिधररावांना कुणी नमस्कार केला तर ते आधी त्याच्या हातांकडे पाहतात. सगळा जन्म त्यांनी चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत काढला, पण ही नजर गल्लीची नाही, गिंडीची आहे. तिथल्या एका लहान कारखान्यात ते पंपांचे बुश, म्हणजे आतली धातूची कडी, तपासतात. खिशात माप बघायचं दोन तोंडांचं गेज. एक तोंड बुशाच्या भोकात सहज गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. दोन्ही गेली, की तुकडा भंगारात.

त्या कारखान्यात जुन्या मालकानं एक रीत घालून दिली होती. गिऱ्हाइकाच्या माणसानं तुकडा तपासायला हातात घेतला, की तो ज्यानं पास केला त्यानं उठून उभं राहायचं. बोलायचं नाही, आणि तपासणी संपेपर्यंत बसायचं नाही. मालक गेले, रीतही गेली. गिरिधरराव मात्र अजून उभे राहतात.

त्यांची मुलगी नित्या बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुद्र जवळ असल्यानं गल्लीतल्या विहिरी खाऱ्या होत चालल्यात. वर्षभर तिनं त्यांचं पाणी बाटल्यांत भरून तपासलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अप्पा, माझा पेपर घेतला. इंटरनॅशनल कॉन्फरन्स, मैलापुरात. बाहेरदेशचे लोक येतात."

"तुज कोण ओळखतं तिकडं?"

"कुणी नाही. म्हणूनच जायचं. ओळखीचे सगळे छान छानच म्हणतात."

"हाती डिग्री नाही अजून, आणि तुझं ऐकायला लोक विमानात बसतात?"

स्वयंपाकघरातून बायकोचा, जयंतीबाईंचा आवाज आला, "हे मज बघायला आले तेव्हा गाणं ऐकून घेतलं, आणि विचारलं काय? दुसरं येतं का!"

"एक पाठ करून कुणी पण गातं," गिरिधरराव गंभीरपणे म्हणाले.

संशयाला कारण होतं. शेजारच्या वादिराजचा मुलगा अशाच एका परिषदेला गेला होता. शाल मिळाली, सर्टिफिकेट मिळालं, फोटो निघाला. तो काय बोलला ते मात्र कुणी ऐकलंच नाही. आता नित्याला आलेल्या निमंत्रणात तिला 'मान्यवर संशोधक' म्हटलेलं. तो शब्द गिरिधररावांना माशाच्या गळासारखा दिसला. वर, पेपरावर तिच्या कॉलेजातल्या अर्चना मॅडमचंही नाव.

"त्यांचं नाव कशाला? बादली कुणी ओढली?"

"मी. पण बादलीतलं काय बघायचं ते त्यांनी शिकवलं."

गिरिधररावांनी बराच वेळ गेजावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मी येतो. शेवटच्या रांगेत बसतो. लबाडी दिसली तर उभा राहतो. मी उभा राहिलो की मुकाट खाली उतरायचं. सरी?"

नित्यानं आईकडे पाहिलं. आई नारळ खोवत होती.

"सरी," तिनं कबूल केलं. तिचा चेहरा उतरला होता.

सभागृह गार होतं. गिरिधररावांनी पाहुण्यांचे बूट पाहिले, गळ्यातली ओळखपत्रं पाहिली, व्यासपीठामागचा पडदा भाड्याचा असावा असंही ठरवलं. पहिला मुलगा बोलला, टाळ्या. दुसरी मुलगी बोलली, टाळ्या. तिसऱ्याच्या वेळी प्रोजेक्टरच बंद पडला, तो नुसता हसला, तरी टाळ्या. प्रश्न कुणी विचारेना.

ह्या गेजातून सगळंच जातंय, ते मनात म्हणाले. खिशात त्यांची मूठ आवळली.

मग नित्या आली. निळा परकर-पावाडै, आईचे कानातले. ती विहिरींबद्दल बोलली, अडखळली नाही. ते सरळ बोलणंही गिरिधररावांना खुपलं. इतकं गुळगुळीत कधी खरं असतं? टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी पाय जमिनीवर रोवले, उठायच्या बेतानं.

पुढच्या रांगेतल्या एका बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. आखूड पांढरे केस, इंडोनेशियाहून आलेल्या. त्यांनी हात वर केला. "पाणी काढलं तेव्हा समुद्राला भरती होती की ओहोटी?"

अर्चना मॅडमनी मान खाली घातली. इतक्या वेळा पेपर वाचून त्यांनाही हे सुचलं नव्हतं.

"ते मी पाहिलं नाही," नित्या म्हणाली.

"मग हे खारेपण विहिरीचं, की त्या वेळेचं?"

गिरिधरराव उभे राहिले. केव्हा, ते त्यांनाही कळलं नाही. हात पाठीमागे, मान ताठ.

नित्याला ते दिसलं. ती माइकपासून एक पाऊल मागं सरली. तिनं घातलेले आईचे कानातले हलले. मग तिनं वडिलांवरची नजर काढली, त्या बाईंवर ठेवली आणि पुन्हा पुढं आली.

"आत्ता नाही सांगता येत. एकाच विहिरीचं पाणी दोन्ही वेळा काढून बघावं लागेल. तुमच्याकडे कसं करतात?"

बाई उठून फळ्याशीच गेल्या. त्यांच्या किनाऱ्यावरच्या विहिरी काढून दाखवू लागल्या. नित्या मधेच विचारू लागली, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, पण थांबवलं नाही. "सर, खुर्ची आहे," एक स्वयंसेवक येऊन कुजबुजला. गिरिधरराव बसले नाहीत.

परतताना गाडीत नित्या खिडकीकडे तोंड करून होती.

"तुम्ही उभे राहिलात."

"राहिलो."

"मी उतरले नाही."

"पाहिलं."

"लबाडी कुठं होती, अप्पा?"

"लबाडी कसली? बाईंनी तुकडा हातात घेतला. मी बसणार कसा?" आणि त्यांनी जुन्या मालकाची रीत तिला पहिल्यांदाच सांगितली.

"अय्यो, हे आधी सांगायचं की! मला वाटलं, आता उतरावंच लागणार."

"तरी उतरली नाहीस. शब्द मोडलास." ते रागावले होते की कसं, आवाजावरून कळेना. मग त्यांनी विचारलं, "त्या बाई काय म्हणत होत्या बाहेर?"

"त्यांच्या विहिरींची माहिती पाठवतात. आपली पाठव म्हणाल्या. दोन्हीकडचं एकत्र बघू म्हणाल्या."

"का? त्यांचा काय फायदा?"

"त्यांना पण माहीत नाही, अप्पा. आपल्याला माहीत नाही तसंच."

गिरिधररावांनी खिशातलं गेज चाचपलं. "आधी त्यांची येऊ दे," ते म्हणाले.

घरी जयंतीबाईंनी दारातच विचारलं, "खरं निघालं का?"

गिरिधररावांनी फळीवरची रिकामी बाटली घेतली आणि विहिरीकडे वळले. नित्या फोन पुढं करत मागं धावली. "आत्ता भरती आहे, अप्पा. इथं दाखवतंय."

"कोण दाखवतं? तो बसलाय काय मरीनाच्या वाळूवर?" त्यांनी बाटली तिच्या हातात दिली आणि चपला पुन्हा पायात सरकवल्या. "चल. आधी समुद्र बघून येऊ."