आम्ही शून्य कसं काढायचो

"काय नाय, तर मग वास कसला येतो?" हिराबाईंनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला. शेजारी विहिरीच्या पाण्याची बाटली.

बोईसरजवळच्या एका केमिकल कंपनीत मी लॅब इन्चार्ज होतो. कुंपणापलीकडे हिराबाईंची चिकूची वाडी. सॉल्व्हंट म्हणजे आमच्या कंपनीत वापरायचं विरघळवणारं रसायन. रिपोर्टवर 'सॉल्व्हंट: शून्य' आणि खाली माझी सही.

"बाई, मशीनला काही सापडलं नाही."

"मशीनला नाक हाय का? मी शिकलेली नाय. पण काय नाय त्यातून कायतरी निघतं, असं तुमच्या पुस्तकात लिवलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. मी बाटली ठेवून घेतली.

शून्य आम्ही कसं काढायचो ते सांगतो. आधी मशीनला शुद्ध पाणी द्यायचं. त्याला ब्लँक म्हणतात. त्यात जो आकडा येईल तो शून्य धरायचा, म्हणजे नमुन्याच्या आकड्यातून वजा करायचा. हे शुद्ध पाणी आम्ही लॅबमध्येच करायचो. आवारातल्या बोअरवेलचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची.

त्या दिवशी बाहेरून सीलबंद शुद्ध पाणी मागवलं आणि त्याचा ब्लँक लावला. हिराबाईंच्या पाण्यात सॉल्व्हंट निघाला. मग आमचं पाणी तपासलं. त्यातही जवळजवळ तेवढाच. सॉल्व्हंट वाफेबरोबर वर जाऊन पुन्हा पाण्यातच उतरत होता. बोअरवेल काय, विहीर काय, जमिनीखालचं पाणी एकच. मी सारख्यातून सारखं वजा करत होतो. आम्हाला वास येत नव्हता, कारण आम्ही दिवसभर त्यातच बसायचो.

मॅनेजरसाहेबांकडे गेलो.

"नवा रिपोर्ट दिला तर जुने सगळे उघडावे लागतील," ते म्हणाले.

"उघडू या."

"रिटायरमेंटला किती राहिले?"

"आठ महिने."

"मग शांतपणे काढा ना, काका."

मी शांतपणे काढले. तेव्हापासून ब्लँकचं पाणी विकत येऊ लागलं. हिराबाईंच्या विहिरीचा नमुना मात्र पुन्हा घेतला नाही.

गेल्या महिन्यात, चार वर्षांनी, खरे आकडे हाताने लिहून त्यांच्याकडे गेलो. पाणी पिऊ नका म्हणालो.

"इतकी वर्सं तेच पितो आमी," त्या म्हणाल्या. "तुमाला कदी कळलं?"

"तुम्ही बाटली आणलीत त्याच दिवशी."

त्यांनी जाऊन विहिरीवरची मोटर बंद केली. परत आल्या, कागद घेतला. आमच्या भागात दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात. त्यांनी विचारलं नाही.

नव्या केमिस्टांनी ब्लँक आधी तपासावा.