तलवारीशेजारचं बासन

आमचं घराणं शिलेदारांचं, असं मी नोकरीभर रिफायनरीतल्या दोस्तांना ऐकवत आलो. पुरावा हवा असेल तर खंडेनवमीला घरी या, म्हणायचो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटावर खापरपणजोबांची तलवार मांडलेली असे आणि तिच्या शेजारी लाल कापडात बांधलेलं एक बासन. आत मोडीत लिहिलेले कागद. ती संस्थानाच्या फौजेतली सनद, असं वडील सांगत. आम्ही तलवारीला आणि बासनाला सारख्याच भक्तीने हळदकुंकू वाहत आलो. मोडी घरात कुणालाच येत नव्हती. पण न वाचता पूजा करण्यात आम्ही बडोदेकर मराठी मंडळी कुणाला हार जाणार नाही.

निवृत्त झाल्यावर कळलं, की शहरातल्या वाडी भागात एक माजी शिक्षिका दर रविवारी मोडी शिकवतात. गोत्रीच्या घरून स्कूटर काढून जाऊ लागलो. बाई कडक. माझा पहिला पाठ बघून म्हणाल्या, "मोडीत हात उचलायचा नसतो. तुम्ही तर दर अक्षराला विश्रांती घेताय." दोन वर्षं त्यांनी माझ्यासारख्या साठीच्या ठोंब्याला शिकवलं, आणि मग एका रविवारी म्हणाल्या, "आता घरचे कागद आणा."

बासन सोडताना मी अंघोळ करून, टोपी घालून बसलो होतो. वरचा कागद उचलला आणि बाईंसमोर खड्या आवाजात वाचू लागलो: "संपादक महाशयांस कृतानेक नमस्कार. गेल्या अंकात आपण छापलेली नटीची तसबीर इतकी काळी आहे, की नाक कोठे आणि नथ कोठे हे कळत नाही."

मला वाटलं, मीच चुकलो. बाईंनी कागद ओढून घेतला, चष्मा सारखा केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसल्या.

सनद कसली! ते सतरा कागद म्हणजे माझ्या आजीने मुंबईच्या एका सिनेमासिकाला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे मसुदे होते. सिनेमा अजून बोलत नव्हता तेव्हाची ही पत्रं. आधी मोडीत भरभर लिहायचं, मग बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, सुवाच्य उतरवून पाठवायचं, अशी तिची रीत दिसते. खाली सही 'एक भगिनी, बडोदे'. नाव कुठेच नाही, पण एका पत्रात तिने स्वतःच ओळख दिली होती: "आमचे यजमान पागेत जमादार आहेत, म्हणून घोड्यांतले मला थोडे कळते. नायिका नाल्यावरून उडी घेते तेव्हा घोड्याच्या कपाळावर टिळा आहे. पलीकडे उतरते तेव्हा तो नाही. उडी तिने मारली की दुसऱ्या कुणी?" पागेतले जमादार म्हणजे आमचे आजोबा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची होती. कशाला उघडलीत?" मी दोन दिवस फुगून बसलो. एवढ्या वर्षांची शिलेदारी सिनेमाच्या वेडात निघाली होती! तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. पागेचं सगळं दफ्तर त्या काळी मोडीत होतं आणि ते आजोबाच लिहीत. म्हणजे आजी गेल्यावर हे बासन बांधून तलवारीशेजारी ठेवणाऱ्या माणसाला आत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. ते दरवर्षी कुणाला हळदकुंकू वाहत होते, हे कळायला मला साठी उलटावी लागली. मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातलं.

मग आठवण झाली ती आत्याची. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण नव्वदीच्या पुढे आहे, बडोद्यातच समा भागात सुनेजवळ राहते. आत्या वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा आजी गेली. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्या तान्ह्या पोरीकडे बघून म्हणत, हिने आईला खाल्लं. आत्या ते जन्मभर हसत हसत सांगत आली. "मला पुढे बसवू नका, मी आईला खाल्लेली," म्हणत माझ्या लग्नातही ती ओटी भरायला पुढे आली नाही, मागे खांबाशी उभी राहिली. आजीचा एकही फोटो नाही. वडीलधारं कुणी भेटलं की आत्या एकच विचारायची, "आईचा माझ्यावर राग होता का रे?" आता तर उत्तर देईल असं कुणी उरलंही नव्हतं.

मी बासन घेऊन समाला गेलो आणि एकेक पत्र वाचू लागलो. टिळ्याच्या घोड्याला आत्या खुदखुदली. थिएटरातला पेटीवाला पडद्यावरच्या लग्नाला आणि मरणाला एकच चाल वाजवतो, या तक्रारीवर तर तिला ठसका लागला. "पछी? पुढे वाच ने," म्हणत राहिली.

शेवटच्या कागदावरचं अक्षर कापरं होतं. मी सावकाश वाचलं. "शनिवारी बायकांच्या खेळाला गेले होते. मुलगी दहा महिन्यांची आहे, ती मध्येच रडू लागली. पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा मनुष्य माझ्यावर ओरडला, बायकांनीही मुलीला नावे ठेवली. मी उठून बाहेर आले. त्यामुळे शेवट राहिला, तो कृपा करून कळवावा. मला महिनाभर ताप येतो, दूध पुरत नाही, म्हणून ती रडते. यात मुलीचा काही दोष नाही. मुलगी फार गुणी आहे."

त्यापुढे कागद नव्हता.

आत्याने हात पुढे करून कागदाला बोट लावलं. मग म्हणाली, "ते दोषाचं परत वाच." मी वाचलं. "परत." पुन्हा वाचलं. आज मी बाईंचा, आजोबांचा आणि खरं सांगतो, त्या ओरडणाऱ्या माणसाचाही ऋणी आहे. तो गप्प बसला असता तर आजीला हे लिहायची वेळच आली नसती.

सून चहा घेऊन आली. आत्याने तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी पलंगावर ओढलं. "बेस, बेस इथे. माझी आई काय म्हणते ते ऐक."