खलनायकाला बोला
प्रेमदास आडेला पहिली चप्पल बसली ती जवळा बाजार या गावच्या जत्रेत, ऐन रंगात आलेल्या नाटकात. हुंड्यापायी बायकोला छळणाऱ्या आणि शेवटी जाळून टाकणाऱ्या नवऱ्याचं काम तो करत होता. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पायातली चप्पल काढली आणि नेम धरून फेकली. ती त्याच्या गालावर बसली, पण त्याने वाक्य काही सोडलं नाही. पडदा पडल्यावर दिग्दर्शक मार्तंडरावांनी त्याला मिठीच मारली. "लेका, आज तू नट झालास!"

मार्तंडराव हिंगोलीतल्या एका देवळाचे पुजारी. सकाळी पूजा आणि संध्याकाळी नाटकाची तालीम, असा त्यांचा दिवस. प्रेमदास साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यातला. घरी गोरबोली, मराठी शिकला ती आश्रमशाळेत, त्यामुळे त्याची मराठी पुस्तकासारखी स्वच्छ होती. आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावा. घरची कोरडवाहू शेती सांभाळून तो नाटकं करायचा आणि वाट्याला दर वेळी दुष्ट माणूसच यायचा.

याचा ताप झाला तो त्याची बायको शिवकन्या हिला. बाजारात अनोळखी बाया तिचा हात धरून विचारायच्या, "तुला लई मारतो का गं?" ती वैतागायची. "तो काय मारतो? कोंबडी कापायची म्हणलं तरी शेतात पळून जातो!"

पुढे घरोघर टीव्ही आले आणि नाटकांच्या सुपाऱ्या कमी झाल्या. मार्तंडरावांचे गुडघे गेले, तालमी थांबल्या. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मार्तंडरावांचा पुतण्या पुष्कर शहरात केबलचा धंदा करायचा. आपल्या चॅनलवर बायकांसाठी खेळांचा कार्यक्रम सुरू करायचं त्याच्या मनात होतं. बोलणारा माणूस हवा होता. काका म्हणाले, "प्रेमदासला घे."

पहिलं शूटिंग एका मंगल कार्यालयात झालं. बाया नटूनथटून आल्या, पण पुढच्या खुर्च्या सोडून मागे बसल्या. फुगे फुगवायचे, बांगड्या दोऱ्यात ओवायच्या, असले सोपे खेळ. प्रेमदासने तीनदा बोलावलं तरी एकही उठेना. आजवर त्याच्या तोंडचं प्रत्येक वाक्य कुणीतरी लिहून दिलेलं असायचं. आज कुणी काही दिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हाच न्हवं का तो, बायकोला जाळणारा?"

कॅमेऱ्यामागे पुष्करने कपाळाला हात लावला. प्रेमदास पुस्तकातली मराठी सोडून बाजारातल्यासारखा बोलला, "व्हय बाई, मीच तो. आठ वर्षं जाळून राहिलो. मनात साठलं असंल तर या हितं अन् बोला मला. जी बराबर बोलंल, तिला कुकर!"

आधी हशा पिकला आणि मग रांग लागली. एकीने त्याचं खानदान काढलं, दुसरीने लाटणं मागितलं. प्रेमदास मान खाली घालून उभा. 'खलनायकाला बोला' हा खेळ त्या दिवसापासून कार्यक्रमाचा जीव होऊन बसला. पुढची काही वर्षं तो हिंगोलीत रस्त्याने निघाला, की बाया ओट्यावरूनच त्याला दोन शब्द सुनावायच्या आणि मग चहाला बोलवायच्या.

एकदा नर्मदाबाई नावाची बाई माइकजवळ आली. चाळिशीची, शांत. तिने प्रेमदासकडे पाहिलंच नाही. समोर, बघायला आलेल्या पुरुषांत तिचा नवरा बसला होता, त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "माझी माय गेली तव्हा तुमी मला जाऊ दिलं न्हाई. पावणे येणार होते म्हणून. मी भाकरी थापत बसले. काहून केलं असं?"

लोकांना वाटलं, खेळच आहे. काही जण हसले. प्रेमदासला मात्र खरं आणि खोटं यातला फरक आवाजावरून कळायचा. हातवारे करून तो वेळ मारून नेऊ शकला असता. त्याने हात वर करून हसणाऱ्यांना गप्प केलं आणि बाजूला सरकला. नवरा उठून निघून गेला. नर्मदाबाई कुकर न घेता खाली उतरली.

"काय सीन झालाय!" पुष्कर खूश होता. "सगळं गाव बघेल."

"तिला विचारल्याबिगर दाखवायचं न्हाई," प्रेमदास म्हणाला.

"सगळ्यांसमोर बोलली ना ती? मग?"

"आमी पाठ केलेलं बोलतो, पुष्करभाऊ. तिनं पाठ केलेलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी शिवकन्येला सोबत घेऊन तो नर्मदाबाईच्या घरी गेला. नवरा ओसरीवर बसून होता, त्याने मान वर केली नाही. नर्मदाबाईने पाणी दिलं. "नका दाखवू," ती म्हणाली. "ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं. राती जेवले न्हाईत ते."

पुष्करने तेवढा भाग कापला, पण पुढचा महिनाभर तो प्रेमदासशी कामापुरतंच बोलला. प्रेमदासनेही एक नियम घालून घेतला. खेळाआधी तो बायांना सांगायचा, "मला काय बी बोला. घरातलं हितं काढू नका, ते घरीच बोला." कधी कधी त्याला वाटायचं, हा नियम करून आपण चूकच केली. नर्मदाबाईला घरी बोलता येत असतं, तर ती माइकपाशी आली असती कशाला? तरी नियम तसाच राहिला.

घरांवर डिशच्या छत्र्या बसल्या आणि पुष्करचं चॅनल बंद पडलं. प्रेमदास गणपती, नवरात्र, हळदीकुंकू असे कार्यक्रम करू लागला. एका श्रावणात, तीजेच्या सणाला, तांड्यातल्या पोरींनी आपल्याच बोलीत कार्यक्रम हवा असा हट्ट धरला. तेव्हा त्याने पहिल्यांदा सगळा कार्यक्रम गोरबोलीतून केला. जीभ दोनदा अडखळली, पोरी हसल्या, तोही हसला. त्याची आई नीलाबाई शेवटपर्यंत बसून होती. मुलाच्या नाटकातली मराठी तिला कधी धड कळली नव्हती.

"आता समजलं तू काय करतोस ते," ती आपल्या बोलीत म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली.